'सम लाइक इट हॉट' (१९५९) आणि मेरिलिन मन्रोची शुगर केन

रेवा_न

मेरिलिन मन्रोचं नाव काढलं की लोकांना वाऱ्यावर उडणारा तो पांढरा झगा आठवतो, नाहीतर वयाच्या ३६ व्या वर्षी आलेला मृत्यू. विनोदी भूमिका करणारी नटी म्हणून ती किती पक्की होती, यावर फारसं कुणी बोलत नाही. तेवढ्याचसाठी हा धागा काढतेय. सिनेमा अर्थातच बिली वायल्डरचा 'सम लाइक इट हॉट'.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी १९२९, शिकागो, दारूबंदीचे दिवस. मयताच्या गाडीतल्या शवपेटीत दारूच्या बाटल्या, आणि अंत्यसंस्काराच्या दुकानामागे चोरटा गुत्ता. त्या गुत्त्यात दोन कडके वादक आहेत. जो (टोनी कर्टिस) सॅक्सोफोन वाजवतो, जेरी (जॅक लेमन) डबल बास. दोघांच्या डोळ्यांदेखत एका गॅरेजमध्ये टोळीवाले सात जणांना भिंतीशी उभं करून गोळ्या घालतात. १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोत खरोखर झालेल्या हत्याकांडावरच हा प्रसंग बेतलाय. साक्षीदार म्हणून आता यांची पाळी येणार. मग दोघं बायकांचे कपडे चढवतात आणि फ्लोरिडाला निघालेल्या मुलींच्या बँडमध्ये घुसतात. जो होतो जोसेफिन. जेरीने जेराल्डिन व्हायचं असं ठरलेलं असतं, पण ऐनवेळी तो 'डॅफ्नी' म्हणून मोकळा होतो, कारण जेराल्डिन हे नाव त्याला कधी आवडलंच नव्हतं!

आणि मग स्टेशनावर शुगर येते. हे दोघं उंच टाचांवर धडपडत फलाटावरून चाललेत, एवढ्यात काळ्या पोशाखातली, हातात युकलेली नावाचं गिटारसारखं छोटं वाद्य घेतलेली शुगर बाजूने झपझप पुढे जाते. इंजिनातून वाफेचा एक फवारा नेमका तिच्यावर सुटतो, ती दचकून उडी मारते आणि तशीच पुढे निघते. जेरी बघत राहतो. बाईसारखं चालणं म्हणजे काय आणि आपण करतोय ते काय, हे त्याला त्या क्षणी कळतं. संवाद सुरू होण्याआधीच तिची ओळख पूर्ण झालेली असते.

पण मला खरी शुगर भेटते ती पुढे, गाडीतल्या बाथरूममध्ये. चोरून पिण्यासाठी ती फ्लास्क काढते आणि या दोन 'मुलीं'ना बघून घाबरते. दारू पिताना सापडली तर नोकरी जाणार असते. नंतर तालमीत तोच फ्लास्क सगळ्यांसमोर धपकन खाली पडतो आणि डॅफ्नी तो स्वतःचा असल्याचं सांगते. त्या रात्री आभार मानायला शुगर तिच्या बर्थवर येते. बिचाऱ्या जेरीच्या जिवाची काय घालमेल होते ते बघाच. तिकडे शुगर मात्र मैत्रीण मिळाल्याच्या आनंदात आहे.

चरित्रकारांनी नोंदवलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मेरिलिनला ही भूमिका पटत नव्हती. हे दोघं पुरुष आहेत एवढंही जिला कळत नाही, ती बाई किती मूर्ख असेल, असा तिचा प्रश्न होता. तेव्हा तिचे अभिनयाचे गुरू ली स्ट्रासबर्ग यांनी तिला सांगितलं, तुला तरी मैत्रिणी कुठे फारशा मिळाल्या? अचानक दोन जणी येतात आणि त्यांना तुझ्याशी मैत्री करायची आहे, हेच धरून चाल. तिने ते धरलं. शुगरला काही दिसत नाही, कारण तिला मैत्रिणी हव्या आहेत. आपल्या सिनेमात विनोद चाललाय, हे शुगरला अजिबात माहीत नाही. ती प्रत्येक वाक्य मनापासून बोलते, आणि म्हणूनच बाकीच्या दोघांचा सगळा तमाशा उभा राहतो.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. आवडते प्रसंगही लिहा.

चहाबाज

माझा आवडता प्रसंग मराकसचा. जेरी रात्रभर त्या म्हाताऱ्या करोडपती ऑसगुडबरोबर टँगो नाचून आलाय, पलंगावर लोळत खुळखुळे वाजवतोय आणि जोला सांगतोय की माझं लग्न ठरलं. जो विचारतो, मुलगी कोण? तर म्हणे, मीच! जॅक लेमनने नंतर सांगितलं होतं की ते मराकस वायल्डरने मुद्दाम त्याच्या हातात दिले. प्रेक्षक एवढे हसणार की पुढचं वाक्य ऐकूच येणार नाही, म्हणून प्रत्येक वाक्यानंतर त्याने थोडं नाचायचं आणि खुळखुळा वाजवायचा. रिकाम्या घरात एकटे बघत असाल तर त्या जागा जरा लांबल्यासारख्या वाटतात. भरल्या थिएटरात अगदी मापात बसतात.

केतकी_ठाणे

सुंदर लिहिलंयस रेवा. मी कॉलेजात असताना बघितला होता, आता पुन्हा लावणार. एक विचारायचं होतं, आपला 'अशी ही बनवाबनवी' यावरूनच घेतलाय ना?

जुना_प्रेक्षक

केतकी, नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हा हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) वरून आलाय. तिथे सगळी भानगड भाड्याच्या जागेसाठी आहे, जिवाच्या भीतीने पळून जाणं नाही. 'सम लाइक इट हॉट'वरून हिंदीत झाला तो 'रफू चक्कर' (१९७५), त्यात ऋषी कपूर आणि पेंटल बायकांच्या वेषात आहेत, जोडीला नीतू सिंग. गाणी चांगली आहेत, पण मूळ सिनेमाची सर नाही.

तसं बघितलं तर वायल्डरचीही कल्पना मुळातली नव्हे. १९३५ चा एक फ्रेंच सिनेमा आणि त्यावरून १९५१ मध्ये झालेला जर्मन सिनेमा, तिथून ती आली. नोकरीसाठी वेष पालटून बँडमध्ये शिरणारे वादक तिथे होतेच. टोळीवाले आणि खून ही भर वायल्डर आणि त्याचा सहलेखक आय. ए. एल. डायमंड यांची. ती भर लाखमोलाची आहे. नुसत्या पोटासाठी साडी नेसलेला माणूस दुसऱ्या दिवशी ती सोडू शकतो. यांनी सोडली तर मरतील. म्हणून सिनेमा दोन तास तग धरतो.

अनय_डी

सिनेमा थोर आहे यात वाद नाही. पण मेरिलिनला जरा जास्तच श्रेय दिलं जातंय असं माझं मत आहे. दार वाजवून 'मीच आहे, शुगर' एवढं म्हणायचं होतं, त्याला ४७ टेक लागले असं सांगतात. दुसऱ्या एका प्रसंगात कपाटाचे खण उघडत बोर्बन कुठे आहे असं विचारायचं, तर वायल्डरला ते वाक्य खणांमध्ये लिहून चिकटवावं लागलं. सेटवर तासन्‌तास उशिरा यायची. तोवर कर्टिस आणि लेमन मेकअप करून, उंच टाचा घालून ताटकळत उभे. लेमनचा पहिल्या टेकमध्ये जो जोर असायचा तो तिच्या चाळिसाव्या टेकपर्यंत टिकवायचा, आणि तिचं जमलं की तोच टेक छापला जायचा. सोबतच्या नटांवर हा अन्याय नाही का? माझ्या मते हा सिनेमा जॅक लेमनचा आहे.

रेवा_न

अनय, तुझं म्हणणं खोटं नाही. त्या दोघांना त्रास झाला, आणि वायल्डरची तर पाठ धरली होती. पण याच चित्रीकरणातला दुसरा किस्सा क्वचितच सांगितला जातो, तो वायल्डरने स्वतः सांगितलेला आहे.

किनाऱ्यावरचा प्रसंग आठव. जो आता श्रीमंत तेलवाल्याचा वारस बनून खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलाय. शुगर चेंडूमागे धावत येते, तो हळूच पाय आडवा घालतो, ती पडते आणि मग दोघांचं लांबलचक बोलणं. जवळच नौदलाचा विमानतळ होता, ठरावीक वेळाने जेट विमानं डोक्यावरून जात. दोन विमानांच्या मधल्या शांततेत सगळं उरकायचं होतं. वायल्डरने मनाशी धरलं होतं की इथे आपले काही दिवस जाणार. मेरिलिनने ते पानोपानी संवाद एक-दोन टेकमध्ये, शब्द न चुकवता दिले.

मग तीन शब्दांना ४७ टेक का लागले? मला वाटतं, लांब प्रसंगात ती समोरच्याचं ऐकत असते, बोलणं आपोआप येतं. बंद दारामागून बोलायच्या तीन शब्दांत ऐकायला कुणी नाही. त्यात ती त्या काळात गरोदर होती. चित्रीकरण नोव्हेंबर १९५८ मध्ये संपलं आणि डिसेंबरात तिचा गर्भपात झाला. मूल होण्याची तिला किती ओढ होती हे सगळ्यांना माहीत आहे. हे सगळं घेऊन ती उभी होती आणि पडद्यावर त्याचा मागमूस नाही. लेमन थोर आहेच. पण लेमनचा धिंगाणा चालतो, कारण त्याच फ्रेममध्ये एक माणूस त्याच्यावर शंभर टक्के विश्वास ठेवून बघतंय.

सई_गो

अनयच्या मुद्द्यावर वायल्डरचंच एक बोलणं सांगतात. माझी एक मावशी आहे, ती वेळेवर येईल, संवादही पाठ करेल, पण तिला बघायला पैसे देऊन कोण येणार? :)

तंबोरा_मिरज

रेवाताई, धागा आवडला. मी वेगळ्या बाजूने लिहितो.

आमच्या घरात नाट्यसंगीताचं वेड तीन पिढ्यांचं. त्यामुळे हा सिनेमा पहिल्यांदा बघितला तेव्हा मनात सारखे बालगंधर्व येत होते. पुरुषाने स्त्रीचा वेष घ्यायचा ही आपल्याकडे मोठी परंपरा, आणि स्त्रीपार्टी करणाऱ्या नटाकडे बघून कुणी हसायचं नाही. 'मानापमान'मधली भामिनी (१९११), 'स्वयंवर'मधली रुक्मिणी (१९१६), 'एकच प्याला'मधली सिंधू (१९१९). नारायणराव राजहंस रंगमंचावर आले की बायका त्यांच्या लुगड्याची, दागिन्यांची, अंबाड्याची पद्धत बघून घ्यायच्या आणि घरी तशीच करायच्या. तिथे नट बाईच व्हायचा, आतला पुरुष दिसला तर नाटक फसलं.

इथे उलटं आहे. आतला पुरुष सतत दिसायला हवा, नाहीतर हसू येणार नाही. पण गंमत बघा, लेमनचा जेरी हळूहळू त्या वेषात रमत जातो. गाडीत मुलींच्या घोळक्यात तो स्वतःला बजावत असतो, मी मुलगी आहे, मी मुलगी आहे. पुढे मागणी घातल्यावर उलट बजावावं लागतं की मी मुलगा आहे! ऑसगुडने दिलेलं हिऱ्याचं ब्रेसलेट मिळाल्यावर तो जो काही खूश होतो, त्यात नाटक किती आणि खरं किती, हे सांगता येत नाही. कर्टिसची जोसेफिन तशी नाही. ती शेवटपर्यंत मान वर, ओठ आवळून, खानदानी बाईसारखी वागते. दोन नटांनी एकाच वेषाची दोन वेगळी वळणं घेतली.

हे शिकवायला बार्बेट नावाच्या कलावंताला आणलं होतं. मूळ टेक्सासचा झोपाळ्यावरच्या कसरतींचा कलाकार, स्त्रीवेषात पॅरिस गाजवलेला. कर्टिसने त्याच्याकडून मनापासून शिकून घेतलं, लेमनला मात्र फार सफाई नको होती. दोघांचंही बरोबर होतं.

चहाबाज

तंबोरा, काय सुरेख लिहिलंत. ऑसगुडबद्दल पण लिहा कुणीतरी. ते काम करणाऱ्या जो ई. ब्राऊनचं ते कानापर्यंत फाकणारं तोंड!

समुद्रपक्षी

मी सॅन दिएगोत राहते, त्यामुळे मला लिहायलाच हवं. सिनेमात ते मायामी दाखवलंय, पण समुद्र आमच्याकडचा, पॅसिफिक. किनाऱ्यावरचं ते हॉटेल म्हणजे कोरोनाडोचं 'हॉटेल डेल कोरोनाडो'. १८८८ मध्ये उघडलेलं, सगळं लाकडी, पांढऱ्या भिंती आणि लाल टोकदार छपरं. इथले लोक नुसतं 'द डेल' म्हणतात. वायल्डरला १९२९ चं फ्लोरिडा हवं होतं आणि १९५८ मध्ये तसं न बदललेलं जुनं हॉटेल त्याला इथे मिळालं. आतले प्रसंग हॉलीवूडच्या स्टुडिओत झाले. रेवाने लिहिलेला नौदलाचा विमानतळ आजही तिथेच, अगदी शेजारी आहे. किनाऱ्यावर बसलं की विमानांचा आवाज येतोच, तेव्हा तो एक-दोन टेकचा किस्सा मला फार पटतो.

भारतातून कुणी आलं की मी त्यांना तिथे नेते. व्हरांड्यात सिनेमातले म्हातारे करोडपती ओळीने खुर्च्यांवर बसून एकदम वर्तमानपत्रं खाली करतात तो प्रसंग आठवतो. आमच्या पाहुण्यांपैकी ज्यांनी सिनेमा बघितलाय ते तिथे उभं राहून हसत सुटतात, बाकीच्यांना रात्री घरी दाखवावा लागतो.

केतकी_ठाणे

समुद्रपक्षी, फोटो टाक ना!

काल रात्री बघितला. १९५९ मध्ये रंगीत सिनेमे सर्रास निघत होते, मग हा कृष्णधवल का? मेरिलिनचे ते पोशाख रंगात बघायला किती आवडलं असतं.

जुना_प्रेक्षक

तिलाही रंगीतच हवा होता. पण रंगीत चाचणी घेतली तेव्हा कर्टिस आणि लेमनच्या जाड मेकअपमुळे चेहरे हिरवट दिसायला लागले. ते बघितल्यावर ती तयार झाली. कृष्णधवलमुळे आणखी एक साधलं. १९३० च्या आसपासचे टोळीयुद्धाचे सिनेमे तसेच दिसायचे, त्यामुळे तो काळ आपोआप उभा राहतो. टोळीचा म्होरक्या स्पॅट्स, त्याचं काम करणारा जॉर्ज राफ्ट त्याच सिनेमांतून पुढे आला होता. हवेत नाणं उडवत राहायची लकब त्याचीच. इथे एक पोरगेला गुंड नाणं उडवताना दिसतो तेव्हा राफ्टच त्याला विचारतो, ही फालतू लकब कुठे शिकलास?

पोशाखांचं म्हणशील तर ओरी-केलीला त्यासाठी ऑस्कर मिळालं. सहा नामांकनं होती, मिळालं तेवढंच एक. ते वर्ष 'बेन हर'चं होतं, त्याने ११ नेली. लेमनला नामांकन होतं. मेरिलिनला नव्हतं, या सिनेमासाठी नाही आणि अख्ख्या कारकिर्दीत कधीच नाही. गोल्डन ग्लोब मात्र तिला मिळालं. पुढे २००० मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने विनोदी सिनेमांची यादी केली, त्यात हा पहिला.

रेवा_न

त्या पोशाखांवरून आठवलं. 'आय वॉना बी लव्हड बाय यू' गाताना तिने जो झगा घातलाय तो त्वचेच्या रंगाच्या जाळीचा आहे. तिच्यावर गोल प्रकाशझोत आहे आणि त्याची खालची कड तिच्या गळ्याच्या कापाशी येऊन थांबते. ती हलते तशी ती कडही वरखाली होते. कॅमेरामन चार्ल्स लँगचं हे कसब. सेन्सॉरच्या नियमांना धरून एवढं धाडस! तसं त्या काळच्या प्रॉडक्शन कोडची (हॉलीवूडच्या स्वतःच्या सेन्सॉर नियमांची) मान्यता या सिनेमाला मिळालीच नव्हती, ती नसतानाच तो प्रदर्शित झाला आणि तरी तुफान चालला.

पण झग्याकडून नजर चेहऱ्याकडे वळवा. गाताना ती समोरच्या एकेकाला वाटेल की हे माझ्यासाठीच चाललंय, अशी बघते. आवाज तिचा स्वतःचा. तिच्या ग्लॅमरमध्ये भीती वाटावी असं काही नाही, उलट ती आपल्याला आत बोलावते. त्या काळच्या कितीतरी सुंदर नट्या लांबूनच बघाव्यात अशा होत्या.

सई_गो

मला एक खटकतं, कुणाला खटकलं का? जो शुगरला सतत फसवतो. मैत्रीण म्हणून तिच्या मनातलं काढून घेतो. तिला चश्मा लावणारा करोडपती आवडतो, कारण शेअरबाजाराचे बारीक आकडे वाचून त्यांचे डोळे अधू होतात आणि ते स्वभावाने गरीब असतात, असं ती विश्वासाने सांगते. आणि हा तेच वापरून तिच्यासमोर चश्मा लावून उभा राहतो. बोटीवर तर आपल्याला बाईबद्दल काहीच वाटत नाही असं सोंग करून तिच्याकडूनच चुंबनं मिळवतो. चश्म्यावर वाफ धरते तो विनोद छान आहे, पण आजच्या नजरेने बघताना मी थोडी अस्वस्थ झाले.

रेवा_न

सई, अगदी योग्य मुद्दा. मलाही तो प्रसंग निव्वळ गमतीचा वाटत नाही. पण वायल्डरने जोला सुखासुखी सोडलेलं नाही. पळून जायची वेळ येते तेव्हा तो फोनवर शुगरशी संबंध तोडतो आणि मग त्याला काय दिसतं? ती पियानोवर बसून 'आय अॅम थ्रू विथ लव्ह' गातेय. इथे तिचं सगळं नखऱ्याचं गाणं संपलंय. हात मांडीवर पडलेले, आवाज दबलेला, डोळे भरलेले. मागे टोळीवाले लागलेत, जीव वाचवायचा तर या क्षणी निघायला हवं, आणि जो जोसेफिनच्या वेषात तसाच स्टेजवर जातो, सगळ्यांसमोर तिचं चुंबन घेतो आणि कुठल्याही पुरुषासाठी रडू नकोस म्हणून सांगतो. दोन सोंगं एका क्षणात गळून पडतात. तिने डोळे उघडल्यावर चेहऱ्यावर जे येतं ते बघ. तिला कळलंय.

त्यानंतर ती सायकल मारत धक्क्यावर येते. बोटीत जो विग काढून सांगतो की मी खोटारडा आहे, तू ज्यांच्यापासून पळत होतीस त्यांच्यातलाच सॅक्सोफोनवाला आहे. ती म्हणते, माहीत आहे, दर वेळी असंच होतं. तिने सगळं ऐकून, उघड्या डोळ्यांनी त्याला घेतलाय. पहिल्यांदाच तिला कुणी फसवत नाहीये.

अनय_डी

हे वाचून तो शेवट पुन्हा लावला. ठीक आहे, पियानोवरच्या गाण्यात ती लेमनला मागे टाकते, हे मान्य. टाळाटाळ न करता लिहितो, एवढा साधा अभिनय मी आधी नीट बघितलाच नव्हता.

पण शेवटचं वाक्य जो ई. ब्राऊनचं, आणि त्याआधीची अर्धी मजा लेमनची! लग्न न करण्याची एकेक कारणं देत जेरी थकतो आणि ऑसगुड प्रत्येकावर माफ करत जातो. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी ते वाक्य लिहीत नाही. फक्त एवढंच, ते डायमंडने सुचवलं होतं आणि दोघांनी पुढे काहीतरी अधिक चांगलं सुचेल म्हणून तात्पुरतं ठेवलं होतं.

केतकी_ठाणे

आता मेरिलिनचे आणखी सिनेमे बघायचेत. कुठून सुरू करू? जड काही नको, विनोदीच.

जुना_प्रेक्षक

'जेंटलमेन प्रिफर ब्लाँड्स' (१९५३) आधी बघ. जेन रसेल जोडीला आहे, आणि त्यातही दोन बायकांची मैत्री हाच खरा गाभा, नवरे शोधणं हे निमित्त. मग 'हाऊ टु मॅरी अ मिलियनेअर' (१९५३), त्यात ती लांबचं दिसत नसतानाही लाजेखातर चश्मा लावत नाही आणि भिंतींवर आपटते. वायल्डरबरोबरचा आधीचा 'द सेव्हन इयर इच' (१९५५) त्यानंतर, तो उडणारा झगा त्यातलाच. विनोदातून थोडं गंभीर वळण हवं असेल तेव्हा 'बस स्टॉप' (१९५६). तिथे ती मुद्दाम बेसूर गाते, आणि ते बेसूर गाणं बघायला विसरू नकोस.

केतकी_ठाणे

धन्यवाद! शनिवारी आईबरोबर पहिला लावते. तिला 'सम लाइक इट हॉट' इतका आवडला की टँगोचा प्रसंग मागे नेऊन परत बघायला लावला. गुलाब एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातो तिथे ती इतकी हसली की शेजारच्या काकू विचारायला आल्या. त्याही शनिवारी येतायत.